मावशीच्या कोंबड्या आणि एकशे छत्तीस वर्षांची प्रयोगशाळा

मागच्या एपिसोडनंतर भामरागड, लाहेरी, आरेवाडा या बाजूच्या काही श्रोत्यांनी कळवलं की ऑडिओ दोन मिनिटं चालतो आणि मग गोल गोल फिरत बसतो. तुमचं म्हणणं पटलं. तर यापुढे प्रत्येक एपिसोड असा लिहूनही टाकणार आहे. बोललो तसंच ठेवलंय, थोडं झाडून-पुसून.

आजची गोष्ट सुरू होते माझ्या मावशीच्या अंगणातून. मावशी भामरागडला राहते, अंगणवाडीत काम करते. घरामागे गावठी कोंबड्या. किती आहेत विचारलं तर ती कधी आकडा सांगत नाही, मोजलं की कमी होतात म्हणते. २०२५ च्या जानेवारीत तिचा फोन आला. "बाबू, कोंबड्या मरून राहिल्या न. कालपासून पाच गेल्या. मान वाकडी करते अन् पडते."

एरवी मी म्हटलं असतं, मावशी, हिवाळा आहे, मानमोडी असेल. आपल्याकडे दर वर्षी असते. पण त्याच आठवड्यात माझ्या मोबाइलवर दुसरी बातमी फिरत होती. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला होता, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला होता की त्यांना बर्ड फ्लू झाला होता. हो, वाघांना. माणसांशी संघर्ष झाला म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातून पकडून नेलेले वाघ होते ते. मग महिना संपता संपता चंद्रपूर जिल्ह्यातच, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगली गावात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला. म्हणजे आपल्या दाराशीच.

मी मावशीला विचारलं, मेलेल्या कोंबड्यांचं काय केलंस? थोडा वेळ फोनवर शांतता. मग म्हणाली, "तीन नाल्यात टाकल्या. दोन... आता खायच्या नाही तर का करायच्या?"

खरं सांगतो, मला तिच्यावर रागवता आलं नाही. आमच्या घरात आजवर कोणी, कधी, मेलेल्या कोंबडीसाठी दवाखान्यात फोन केला नव्हता. मीसुद्धा नाही. बैल पडला तर करतो. कोंबडीसाठी कोण करतं?

त्या रात्री मी शोधत बसलो की भोपाळला हे नमुने का जातात, ही कुठली प्रयोगशाळा. आणि वाचता वाचता जिथे पोचलो ते ठिकाण होतं पुणे, साल १८८९.

तर मंडळी, इतिहास इथून.

इंग्रजांच्या काळात गुरांचा सगळ्यात मोठा काळ होता बुळकांडी. आजच्या पोरांनी हा शब्द ऐकलाही नसेल, आणि ऐकला नसेल हीच मोठी गोष्ट आहे, त्यावर पुढे येतो. इंग्रजीत रिंडरपेस्ट. आपल्या नावातच जुलाब आहेत. जनावराला सणकून ताप, तोंडात फोड, डोळ्या-नाकातून घाण, मग पातळ जुलाब, आणि आठवडा-दहा दिवसांत खेळ खलास. गावात आली की गोठेच्या गोठे रिकामे. पेरणीच्या तोंडावर बैल गेले की त्या वर्षी शेत पडीक, पुढच्या वर्षी सावकार. दुष्काळ फक्त पाऊस न पडल्याने येतो असं आपल्याला शाळेत शिकवतात, पण बैल मेल्यानेही दुष्काळ पडतो.

आफ्रिकेत तर याचं भयंकर रूप दिसलं. १८८७-८८ च्या सुमारास हा रोग आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला. इटलीच्या सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर तो आला, आणि ती गुरं हिंदुस्थानातली होती असं मानलं जातं. पुढच्या आठ-दहा वर्षांत तो खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचला. जिथे गेला तिथे दहापैकी आठ-नऊ गुरं मेली. इथिओपियात त्यातून महादुष्काळ पडला.

हिंदुस्थानात सरकारने गुरांच्या साथींवर एक आयोग नेमला होता, १८७१ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याचे प्रमुख होते हॅलन नावाचे लष्करी पशुवैद्य. आयोगाने सांगितलं की बुळकांडी देशभर आहे. आणि मग नेहमीप्रमाणे बरीच वर्षं गेली. शेवटी ९ डिसेंबर १८८९ ला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. हे कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी, इंजिनिअरिंगच्या अॅडमिशनसाठी ज्याचं कटऑफ बघून आपण सुस्कारा सोडतो तेच. देशातली जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी पहिली राष्ट्रीय प्रयोगशाळा तिथे सुरू झाली.

हे सरकारने गोमातेच्या प्रेमापोटी केलं असं समजू नका. बैल म्हणजे शेतसारा. आणि लष्कराचे घोडे सर्रा नावाच्या रोगाने मरत होते, ते म्हणजे साम्राज्य. प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर बरंच काम केलं. पण हेतू काहीही असो, काम झालं ते झालं.

पुण्यात मात्र ती फार टिकली नाही. दोन अडचणी होत्या. एक म्हणजे ऊन. तेव्हा फ्रिज नव्हते, जंतूंची पैदास जपायची कशी? आणि दुसरी जास्त गंभीर: ज्या रोगाने आख्खा तालुका साफ होतो तो रोग तुम्ही भर वस्तीत बाटलीत वाढवताय. बाहेर निसटला तर? म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा हलली थेट कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला. साडेसात हजार फूट उंची, थंडी, चारी बाजूंनी जंगल, जवळपास गुरं नाहीत. रोगाचा अभ्यास करायचा तर लोकांपासून लांब जाऊन करायचा, ही अक्कल त्या काळीही होती.

१८९७ साली मुक्तेश्वरला एक पाहुणा आला, रॉबर्ट कॉख. क्षयाचा जंतू शोधणारा तोच. तो खरं तर आला होता मुंबईच्या प्लेगसाठी. हे तेच वर्ष, ज्या वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून रँडचा खून झाला. कॉख नुकताच दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवर काम करून आला होता. त्याची युक्ती अशी होती: बुळकांडीने मेलेल्या जनावराचं पित्त काढायचं आणि निरोगी जनावराला टोचायचं. काही जनावरं त्यातून वाचत. काही नाही. ऐकायला जडीबुटीसारखं वाटतं, पण तेव्हाचं सगळ्यात पुढचं विज्ञान हेच होतं. दोन वर्षांत, १८९९ मध्ये, मुक्तेश्वरला बुळकांडीविरुद्धचा सीरम तयार व्हायला लागला.

सीरमची अडचण अशी की त्याने संरक्षण मिळतं ते काही दिवसांचं. गावात रोग आला की टोचा, रोग गेला की पुन्हा शून्यावर. कायमची लस हवी होती. ती मिळाली १९२० च्या दशकात, जे. टी. एडवर्ड्स यांच्याकडून, आणि थोडी नशिबाने. त्यांनी बुळकांडीचा विषाणू एका बकरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा टोचत ठेवला. बकऱ्यांच्या अंगात फिरून फिरून तो गुरांसाठी नरम पडला, इतका की गुरांना मारण्याऐवजी त्यांना आयुष्यभराचं संरक्षण द्यायला लागला. यालाच गोट टिश्यू लस म्हणतात. ती काही जातीच्या जनावरांना जड जायची, पण साध्या देशी गुरांमध्ये चालली. कोट्यवधी जनावरांना टोचली गेली.

आणि हेच एडवर्ड्स आपल्या मावशीच्या अंगणापर्यंतही येतात. १९२७-२८ च्या सुमारास मुक्तेश्वरपासून जवळच असलेल्या राणीखेतच्या छावणीत कोंबड्या पटापट मरायला लागल्या. एडवर्ड्सनी तो रोग नोंदवला, म्हणून आपल्याकडे मानमोडीला सरकारी कागदावर राणीखेत म्हणतात. बाकी जग त्याला न्यूकॅसल म्हणतं, कारण इंग्लंडच्या त्या शहरातही त्याच सुमारास तो सापडला होता. पुढे मुक्तेश्वरलाच त्या विषाणूला अंड्यांमध्ये वाढवून नरम केलं, ती लस आजही देशी कोंबड्यांना पंखाखाली टोचतात. दवाखान्यात गेलात तर आर-टू-बी म्हणून मिळते.

मग आमच्याकडे मानमोडी अजून का आहे? कारण बाटली शंभर डोसची असते, थंडीत ठेवावी लागते, आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आता आलापल्लीहून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की रस्ता बंद. एका टोल्यात मिळून चाळीस कोंबड्या, त्याही दिवसभर रानात हिंडणाऱ्या, पकडायच्या रात्री. म्हणजे लस आहे, नव्वद वर्षांचं संशोधन आहे, आणि अडतं कशावर, तर बर्फ, रस्ता आणि कोंबडी हातात येण्यावर.

बुळकांडीचं मात्र वेगळं झालं. स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये, राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. मुक्तेश्वर-इज्जतनगरची ती संस्था आता भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली होती, आयव्हीआरआय. लस टोचणारी माणसं गावोगाव, पाड्यापाड्यांवर फिरली. रोग खूप कमी झाला, पण संपेना. कुठल्यातरी बाजारातून, कुठल्यातरी कळपातून पुन्हा डोकं वर काढायचा. दक्षिणेत १९६८ मध्ये मुदुमलाईच्या जंगलात शिरला आणि गव्यांचे कळप मारले.

इथे जरा थांबतो, कारण आपल्या जिल्ह्याची खरी गोष्ट इथे आहे. बुळकांडी ही फक्त गोठ्याची गोष्ट नाही. दुभंगलेल्या खुरांचं जे जे जनावर, ते तिच्या तावडीत: गवा, रानम्हैस, सांबर, रानडुक्कर. मध्य भारतातल्या रानम्हशी एवढ्या कमी का उरल्या याची कारणं सांगताना शिकार आणि तुटलेलं जंगल यांच्या जोडीने पाळीव गुरांकडून आलेल्या बुळकांडीचं नाव घेतलं जातं. महाराष्ट्रात रानम्हैस उरलीय ती फक्त आपल्याकडे, कमलापूरच्या पुढे कोलामार्काच्या जंगलात आणि इंद्रावतीच्या काठाने. २०१३ साली कोलामार्का संवर्धन राखीव क्षेत्र झालं. मूठभर जनावरं. चांगला गवताचा पट्टा मिळाला तर ती वाढतील, पण शेजारच्या गावच्या म्हशींमधून एखादा रोग तिथे शिरला तर तेवढ्यावरच सगळं संपेल. म्हणून मला वाटतं, कोलामार्काच्या आजूबाजूच्या गावांत गुरांना लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाची लस टोचणं हे वनखात्याचं सगळ्यात स्वस्त रानम्हैस-संवर्धन आहे. यावर कोणी फोटो काढून टाकत नाही, तो भाग वेगळा.

तर बुळकांडी. शेवटची साथ भारतात १९९५ मध्ये दिसली. पण रोग गेला हे सिद्ध कसं करायचं? ही मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट आहे. रोग गेला हे सिद्ध करायला लस बंद करावी लागते. कारण लस टोचलेल्या जनावराच्या रक्तातही तीच प्रतिपिंडं असतात जी रोग होऊन गेलेल्याच्या रक्तात असतात. प्रयोगशाळेला फरक कळत नाही. म्हणून आधी टोचणं थांबवायचं, आणि मग त्यानंतर जन्मलेल्या वासरांचं रक्त तपासायचं. त्यात प्रतिपिंडं नाहीत म्हणजे विषाणू नाही. विचार करा, पन्नास वर्षं ज्या लशीने देश वाचवला ती हातातून खाली ठेवायची, आणि श्वास रोखून वाट बघायची. वाट बघणं फक्त प्रयोगशाळेत नव्हतं. पथकं गावोगाव जाऊन विचारत होती, तुमच्याकडे तोंडात फोड आणि जुलाब झालेलं जनावर आहे का? २००६ च्या मे महिन्यात भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला. २०११ मध्ये आख्खं जग. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून घालवलेला हा दुसराच रोग. म्हणूनच तुम्ही तो शब्द ऐकलेला नाही.

शोधता शोधता एक गंमतही सापडली. शेळ्या-मेंढ्यांना जे व्हायचं त्याला जुने लोक बुळकांडीच म्हणायचे. १९८७ मध्ये तमिळनाडूत लक्षात आलं की हा तिचा चुलतभाऊ आहे, पीपीआर. शेळ्यांना टोचतात ती पीपीआरची लसही मुक्तेश्वरला तयार झाली. आता त्याला घालवायचं चाललंय.

आणि बुळकांडीचा विषाणू? तो पूर्ण मेलेला नाही. जगात मोजक्या ठिकाणी तो गोठवून, कुलपात ठेवलाय, उद्या गरज पडली तर लस करता यावी म्हणून. त्यातलं एक ठिकाण भारतात आहे, आणि ते आहे भोपाळ. राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था, निषाद. आधी ही आयव्हीआरआयचीच शाखा होती, नंतर वेगळी संस्था झाली. २०२५ च्या मे महिन्यात जागतिक संघटनांनी तिला बुळकांडीचा विषाणू सांभाळणारी सर्वोच्च दर्जाची जागा म्हणून मान्यता दिली. म्हणजे बघा, जो रोग पकडायला पुण्यात कॉलेजच्या खोलीत काम सुरू झालं, त्याचे शेवटचे थेंब त्याच घराण्याच्या फ्रीजरमध्ये बंद आहेत.

भोपाळला बर्ड फ्लूचे नमुने जातात ते यासाठीच. अशा प्रयोगशाळेत आतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलं तर हवा आत येते, बाहेर जात नाही. बाहेर जाणारी हवा गाळून जाते, आणि माणसाला अंघोळ केल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. लिंगार्डने मुक्तेश्वरला जंगल वापरून जे केलं ते आता भिंती आणि फिल्टर करतात.

भोपाळचं नाव महाराष्ट्राने पहिल्यांदा मोठ्याने ऐकलं ते २००६ मध्ये, नंदुरबारच्या नवापूरमुळे. पोल्ट्र्यांमध्ये कोंबड्या मरत होत्या आणि सुरुवातीला सगळे म्हणत होते, राणीखेत आहे. मावशी म्हणाली तेच. नमुने भोपाळला गेले, १८ फेब्रुवारीला जाहीर झालं की बर्ड फ्लू. भारतातला पहिला. त्यानंतर लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, नवापूरचा धंदा झोपला. मधल्या दिवसांत किती कोंबड्या बाजारात गेल्या असतील?

म्हणून मग मी मावशीला पुन्हा फोन केला. आता ज्या मरतील त्यांना हात लावू नकोस, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाजूला ठेव, आणि दवाखान्यात सांग. (तुमच्यासाठी: १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल-फ्री नंबर आहे. रेंज मिळाली की लावा.) मावशी म्हणाली, "सांगितलं तर सगळ्या मारून टाकतील न?" तिची भीती खोटी नव्हती. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारतात, शेजाऱ्यांच्यासुद्धा. आणि भामरागडसारख्या ठिकाणी कोंबडी म्हणजे फक्त अंडं-मटण नाही. पंडुमला कोंबडी लागते, पुजाऱ्याला लागते, पाहुणा आला की लागते, बाजारात मिठासाठी विकायला तीच. पूर्वी माडिया घरांत गायीचं दूधसुद्धा काढत नव्हते, ते वासराचं. घरातला रोखीचा पैसा कोंबडीच्या पायावर उभा. शेजाऱ्यांच्या कोंबड्या आपल्यामुळे मेल्या हे मावशीने गावात कसं निस्तरायचं?

मी तिला दुसरी बाजू सांगितली. सरकार ज्या कोंबड्या मारतं त्यांची भरपाई देतं, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लपवण्यात नुकसानच. शिवाय कोंबड-बाजारात नदीच्या दोन्ही काठांचे कोंबडे एकत्र येतात. रोग आपल्या अंगणातून निघाला तर तो महिन्याभरात कुठे पोचेल याचा भरवसा नाही. यातलं नेमकं काय तिला पटलं माहीत नाही. मला वाटतं वाघांचं पटलं. "वाघालेही होते?" तिने तीनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी पशुधन पर्यवेक्षक आले. मोटरसायकलवर थर्मोकोलचा डबा बांधलेला. एक नुकतीच मेलेली कोंबडी आणि तीन आजारी कोंबड्यांच्या घशातले-विष्ठेतले कापसाचे बोळे घेतले, बाटल्यांवर नाव-तारीख लिहिली, बर्फ भरला. पोल्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत काढतात, रोगराईला गावाबाहेर घेऊन जायला सांगतात. मावशी म्हणाली डबा गेला तेव्हा तिला तेच आठवलं, फक्त ओरडायला पोरं नव्हती.

डबा गेला पुण्याला, औंधच्या रोग अन्वेषण विभागात. राज्यातले नमुने आधी तिथे तपासतात, बर्ड फ्लू नक्की करायचा असेल तर पुढे भोपाळ. गडचिरोलीहून भोपाळ जवळ आहे, पुणे राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पण रस्ता हाच.

त्या दिवसांत मावशी रोज फोन करायची. काय झालं, काय आलं. तोवर आणखी चार मेल्या. ज्या दोन खाल्ल्या होत्या त्यांचाही विचार तिच्या डोक्यातून जाईना. कोणाला सर्दी झाली तरी घाबरायची. मग पर्यवेक्षकांचा फोन आला: बर्ड फ्लू नाही. मानमोडीच.

मावशीला हायसं वाटलं, आणि दोन मिनिटांत रागही आला. "मग लस होती न त्याची? कधीची होती म्हणतोस?"

मी म्हटलं, ऐंशी वर्षांची तरी.

खुराड्यात चुना मारून झालाय. पर्यवेक्षक म्हणाले तीन-चार आठवडे नवीन पक्षी आणू नका, आणि टोल्यातल्या दहा-बारा घरांनी मिळून एकच रात्र ठरवा, सगळ्या कोंबड्या खुराड्यात असतील अशी, म्हणजे पहाटे येऊन एका बाटलीत काम होईल. मावशीने घराघरात जाऊन सांगितलं. सात घरं तयार झाली, बाकीची बघू म्हणाली. ती बाटली येते त्या पहाटे मी तिकडे जाणार आहे, रेकॉर्डर घेऊन. नेटवर्क असेल तर तिथूनच टाकेन.